डावी पेटी

साऱ्या वर्धा जिल्ह्यात आमच्या भाऊजींच्या तोडीचा कान दुसऱ्या कोणाला नव्हता, हे मी आजही कोणाशीही पैज लावून सांगायला तयार आहे. आर्वीपासून समुद्रपूरपर्यंत कोणाच्याही घरी नवा स्टिरिओ आला, की आधी नारळ फोडायचा की आधी भाऊजींना बोलवायचं, एवढाच काय तो प्रश्न असायचा. आता तो कान एकच होता, उजवा, आणि डाव्या कानाशी कोणी ढोल बडवला तरी त्यांना पत्ता लागत नसे, ही गोष्ट वेगळी. स्टिरिओ म्हणजे दोन पेट्या आणि दोन पेट्यांना दोन कान लागतात, हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण एका कानाच्या माणसानं दोन पेट्यांच्या यंत्राची परीक्षा घ्यायची, आणि धडधाकट दोन-दोन कानांच्या भल्याभल्यांनी समोर बसून निकालाची वाट पाहायची, हा चमत्कार आमच्याकडे वर्षानुवर्षं बिनबोभाट चालला. तो चालवला कोणी म्हणाल, तर भाऊजींनी नव्हे, माझ्या बहिणीनं.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, ताईचे, यजमान. अल्लीपूरला त्यांची कापसाची शेती होती आणि बाजाराच्या रस्त्यावर सरकी-ढेपेचं दुकान. दुकानात खाली गाईम्हशींच्या ढेपेची पोती रचलेली, आणि वर, उंदीर पोचणार नाहीत अशा फळीवर, ताईच्या जुन्या लुगड्यांच्या मऊ तुकड्यांत गुंडाळलेल्या रेकॉर्डी. त्यामुळे भाऊजींच्या संगीताला कायम ढेपेचा वास येई. एकदा पुलगावला एका घरी त्यांनी रेकॉर्डींची पिशवी उघडली आणि अंगणातली म्हैस दावं तोडून सरळ खिडकीशी येऊन उभी राहिली. घरचे लोक काठी घेऊन धावले, तर भाऊजींनी हात वर करून त्यांना थांबवलं. म्हणाले, "राहू द्या जी. जनावराले समजते, तुमाले नाई समजत." ती म्हैस मग शेवटच्या रेकॉर्डपर्यंत तिथंच उभी होती, आणि भाऊजी तिच्याकडे अधूनमधून कौतुकानं पाहत होते.

डावा कान त्यांचा लहानपणीच गेलेला. कान फुटला, वाहायला लागला, कोणी तरी वैदूनं त्यात काहीबाही ओतलं आणि त्या कानाचं दुकान कायमचं बंद झालं. पण भाऊजींनी हे जगापासून असं लपवलं, की काय सांगू! गिरडच्या टेकडीवरच्या दर्ग्याला ते दरवर्षी जात, तिथल्या अत्तरवाल्याकडून हिन्याची कुपी आणत, आणि बारा महिने डाव्या कानात अत्तराचा फाया. शौकीन माणूस, असं लोक म्हणायचे. डावीकडून कोणी काही विचारलं आणि उत्तर मिळालं नाही, तर भाऊजी सावकाश वळून म्हणत, "फाया होता ना जी कानात!" एवढ्याशा कापसाच्या बोळ्यानं माणूस बहिरा होतो काय? पण अत्तराचा घमघमाट असा असायचा, की समोरच्याला पुढचं विचारायचं भानच राहत नसे.

ताईला पाहायला ते आले, तेव्हाही फाया होताच. आम्ही आर्वीचे. बैठकीत वडील नेमके त्यांच्या डाव्या हाताला बसले आणि शेतीपाण्याचं विचारत राहिले. भाऊजी गप्प. ताईनं पोह्यांची बशी आणली, तीही डावीकडून. "घ्या," म्हणाली. भाऊजी समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर पाहत बसले. बांगड्या वाजल्या, तरी मान वळली नाही. पाहुणे गेल्यावर आमच्या घरात त्यांची काय ती स्तुती! आई म्हणाली, "किती संस्कारी पोरगा हाय. नजर उचलून पाह्यलं नाई." वडील म्हणाले, "तोलूनमापून बोलते." अहो, बोललेच कुठं होते? पण सोयरीक ठरली. लग्नात भटजींनी ताईला नवऱ्याच्या डाव्या बाजूला बसवलं, ती त्यानंतर तिथून कधी उठलीच नाही.

मला हे कळलं ते रागावल्यामुळे. कॉलेजसाठी मी ताईकडे राहायला आले, तेव्हा एका संध्याकाळी भाऊजींच्या शेजारी ओसरीवर बसून मी त्यांना माझ्या मैत्रिणीची भली मोठी हकिकत सांगितली. हसायची जागा आली, हे हसले नाहीत. रडायची आली, हे बिडी शिलगावायला उठले. मी फणकारत स्वयंपाकघरात गेले, "ताई, तुझा नवरा मला कवडीची किंमत देत नाही!" ताई भाकरी थापत होती. तिनं वर पाहिलं नाही. "तिकडून नको बसत जाऊ, शालू," म्हणाली, "इकडून बसत जाय." बस, एवढंच. हात परातीत आणि डोळे तव्यावर. मला सारं समजलं, आणि हेही समजलं की यावर आणखी बोलायचं नाही.

कारण भाऊजींची पक्की समजूत होती, की ही गोष्ट पृथ्वीतलावर कोणालाही ठाऊक नाही. ताईलाही नाही. त्यांना भीती एकच होती. मुलगी पाहताना खोट लपवली, सांगितली असती तर मुलगी मिळाली नसती, आणि आता बायकोला कळलं तर ती म्हणेल, मला फसवलं. जगात नाक कापलं जाईल ते वेगळंच, पण त्यांचा खरा जीव अडकला होता तो ताईच्या त्या एका शब्दात. हे त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. पण ज्या माणसाला सगळ्या गोष्टींत मोठ्यानं मत द्यायची सवय, तो कोणी नुसतं "ऐकलं का" म्हणालं तरी दचकायचा, ते मी पाहिलं आहे.

तर आता रेकॉर्डींकडे येऊ. भाऊजींचा सिद्धांत असा, की गाणं वेगळं आणि गाण्याचं भरणं वेगळं. रेकॉर्डमध्ये गाणं 'भरतात' असं तेव्हा सगळेच म्हणत, पण भाऊजी ढेपवाले, त्यांनी ते मनावर घेतलं होतं. "पोतं दोन तऱ्हेनं भरता येते, शालू," ते मला सांगत. "वरून नुसतं ओतलं तं मधी पोकळ राह्यते. थाप्या मारून भरलं तं कोपऱ्याकोपऱ्यात माल जाते. गान्याचंही तसंच हाय." त्यामुळे ज्या गाण्यांवर सारा मुलूख जीव टाकायचा, त्यांना भाऊजींच्या पिशवीत जागा नव्हती. "गानं सोन्याचं, भरनं जस्ताचं," म्हणून मोकळे व्हायचे. उलट कोणा अनोळखी वादकाची एक सारंगी त्यांच्याकडे होती. वेष्टनावर पाणी सांडून वादकाचं नाव पुसून गेलेलं, पण तिचा मान पहिला. तिच्यात गज फिरायच्या आधी तो सारंगीवाला श्वास घेतो आणि कुठं तरी एक खुर्ची करकरते. तेवढी करकर स्पष्ट ऐकू आली, की पेटी अस्सल. भाऊजी डोळे मिटून विचारत, "करकरली का? करकरली ना?" मी तुम्हाला सांगते, आमच्या भागातल्या निम्म्या लोकांनी ती सारंगी कधी ऐकलीच नाही, सगळे जीव मुठीत धरून त्या खुर्चीची वाट पाहत बसायचे.

आणि ताईचं आवडतं गाणं? ते एक जुनं, साधंसं झोपाळ्यावरचं गाणं होतं, आणि भरलं होतं असं, की बाई विहिरीत बसून गाते आहे आणि वर कोणी तरी ताडपत्री ओढली आहे. ताई भाकऱ्या करताना ते गुणगुणायची. भाऊजींकडे ती रेकॉर्ड होती, पण ती फळीच्या अगदी मागच्या टोकाला, आणि कोणत्याही परीक्षेला ती कधी गेली नाही. "घरी गुनगुन," ते ताईला म्हणत, "पन पेटीवर नाई. माही इज्जत जाईन." ताई हसून सोडून द्यायची. मला मात्र राग यायचा. इतक्या लोकांच्या पेट्यांवर इतकी सारंगी घासली, त्यात बायकोचं एक गाणं वाजलं असतं तर सुई झिजली असती काय?

परीक्षेचं कर्मकांड सत्यनारायणाच्या वरताण होतं. भर मे महिन्यात पंखा बंद. घड्याळाचा लंबक धरून थांबवलेला. कोंबड्या कोंडलेल्या, तान्हं मूल शेजारी पाठवलेलं, आणि ज्याला खोकला असेल त्यानं आपणहून अंगणात जायचं. वर्ध्याचा उन्हाळा ज्यानं काढला त्यालाच कळेल, पंखा बंद करून सारंगी ऐकणं काय चीज आहे ती. एका निवृत्त हेडमास्तरांना अशा बैठकीत भोवळ आली. बायकांनी कांदा फोडून नाकाला लावला, कोणी पाणी मारलं, आणि भाऊजी शांतपणे म्हणाले, "खर्जाचा परिनाम हाय. पेटी चांगली हाय." दोन्ही पेट्यांच्या बरोबर मध्ये, समोर, एक खुर्ची ठेवलेली असे. तिला ते 'राजाची जागा' म्हणत. सगळा आवाज तिथं येऊन मिळतो, असं त्यांचं म्हणणं. त्या जागेवर ते घरमालकाला बसवत, मास्तरांना बसवत, एकदा तर एका पोस्टमनला बसवलं, पण स्वतः कधी बसले नाहीत. "माह्या कानाले त्या जागेची गरज नाई," असं सांगत. खरंच होतं म्हणा.

रेकॉर्ड संपली की प्रश्न सुरू. "सांगा जी, तबला कोनीकडून आला? सारंगी कोनीकडं होती?" मोठमोठी माणसं शाळकरी पोरांसारखी चुळबुळायची. चुकलो तर हा सगळ्यांसमोर 'बिनकानाचा' म्हणेल, ही धास्ती. लोकांना वाटे भाऊजी परीक्षा घेत आहेत. भाऊजी बिचारे खरंच विचारत असायचे. डावीकडं काय चाललं आहे ते त्यांना दुसरं कोण सांगणार? अशा वेळी, त्यांच्या डाव्या हाताला बसलेली ताई पदर सावरत, अगदी भोळा चेहरा करून म्हणायची, "मले तं बाई सारंगी डाव्या पेटीतून आली वाटते, अन् तबला उजव्या. पन मले काय समजते!" भाऊजी मान हलवत, "बराबर. पाहा, घरच्या बाईलेही समजलं." कधी ताई म्हणायची, "डाव्या पेटीत घरघर होते काय जी? का माह्याच कानात हाय?" की भाऊजी लगेच उठायचे, डाव्या पेटीची मागची फळी खोलायचे आणि खिशातून कापूस काढून आत बसवायचे. तो कापूसही साधा नाही. वेचणी सुरू व्हायच्या दिवशी शेतात दहीभात वाहून सीतादईची पूजा करतात, तेव्हाचा, पहिल्या वेचणीचा. "त्याच्यात ओल नसते," म्हणायचे. आणि घरघर खरंच जायची, हे मला कबूल केलं पाहिजे. बायकोला सोबत घेतल्याशिवाय हा माणूस परीक्षेला जात नाही, म्हणून लोक थट्टा करायचे. भाऊजी म्हणत, "बाईमानसाले हवापालट लागते."

माझ्या लग्नातला त्यांचा पराक्रम तर आमच्या सासरी अजून सांगतात. मांडवात भोंगेवाल्यानं कर्णा कडुनिंबाला बांधला होता आणि भाऊजींच्या मते त्याचं तोंड चुकीच्या दिशेला होतं. मंगलाष्टकं सुरू झाली, आवाज फाटायला लागला, आणि नवरीचे मोठे भाऊजी धोतर खोचून झाडावर. भटजी 'सावधान' म्हणाले तेव्हा सगळ्यांनी अक्षता आमच्यावर टाकल्या, भाऊजींनी वरून भोंग्यावर. खाली उतरल्यावर माझ्या सासऱ्यांना म्हणाले, "आता आयका! आता कसं लगन लागल्यासारखं वाटते!" सासरे त्यांच्या डावीकडं उभे होते. ते काय म्हणाले ते भाऊजींना ऐकू आलं नाही, हे आमचं नशीब.

एवढं असून त्यांच्या स्वतःच्या घरी काय होतं? एक जुना, एकाच पेटीचा, झाकणाचा प्लेअर. लोक विचारायचे, जिल्ह्याचे स्टिरिओ पास करता, तुमच्या घरी काऊन नाई? त्यावर उत्तर तयार, "हलवाई आपली मिठाई खाते काय?" पण मला कारण कळत होतं, आणि ताईलाही. दोन पेट्या घरात आल्या, रोज वाजायला लागल्या, की आज ना उद्या डावी बंद पडेल आणि ह्यांना कळणार नाही. मग बायकोला कळेल. म्हणून ताईनं दोन पेट्यांचं गाणं ऐकलं ते नेहमी दुसऱ्याच्या घरी, सतरंजीच्या कडेला बसून. तिला गाण्याची भारी हौस होती. मागायचं मात्र नाही, असं तिनं ठरवलं होतं.

हे असंच चालत राहिलं असतं. पण हिंगणघाटला कापडाचे एक शेठजी होते, त्यांच्या मुलानं मुंबईहून एक स्टिरिओ आणला. कपाटाएवढ्या पेट्या! उद्घाटनाला सारं गाव बोलावलेलं, आणि परीक्षक अर्थातच भाऊजी. मी तेव्हा माहेरपणाला आले होते, मीही गेले. पण त्या घरची रीत जुनी. पुरुष बैठकीत, बायका आत. शेठाणींनी दारातच ताईचा हात धरला, "चला बाई, हळदीकुंकू आत हाय," आणि नेलं. भाऊजींनी एकदा ताईकडे पाहिलं. मेळ्यात हात सुटलेल्या माणसासारखं पाहिलं. पण चार लोकांत काय बोलणार?

आम्ही आतल्या खोलीत पडद्यामागं, आणि डावी पेटी नेमकी आमच्या दाराला टेकून. पूजा झाली, पेट्यांना हळदकुंकू लागलं, नारळ फुटला, पाणी सांडलं, ते पुसायला पेट्या थोड्या सरकवल्या, आणि सारंगी सुरू झाली. मी ताईच्या तोंडाकडे पाहिलं, ताईनं माझ्या. दारातल्या पेटीतून चकार शब्द येत नव्हता. वाजत होती ती फक्त पलीकडची, उजवी. शेठजींचा मुलगा पाहुण्यांना घ्यायला बाहेर रस्त्यावर गेलेला. बैठकीत सगळे माना डोलवत होते. ताई हळदीकुंकवाचं तबक हातात घेऊनच पडद्याशी सरकली.

रेकॉर्ड संपली. भाऊजींनी डोळे उघडले आणि विचारलं, "सांगा जी, डावीकडून काय आलं?"

कापसाचे एक दलाल होते, ते लगबगीनं म्हणाले, "सारंगी! साफ सारंगी." त्यांच्या शेजारचे वकीलसाहेब मागे कसे राहतील? "सारंगी तर आहेच, पण पाठीमागे बारीक तंबोरा आहे, तो डावीकडे आहे." शेठजी स्वतः राजाच्या जागेवर बसले होते. ते छातीवर हात ठेवून म्हणाले, "भाऊ, हमको तो खुर्ची भी उधरसेच आयी!"

भाऊजींचा चेहरा उजळला. "पास!" त्यांनी मांडीवर थाप मारली. "अन् खरं सांगू काय शेठजी, उजवीपरीस डावी पेटी सरस हाय."

तेवढ्यात मुलगा आत आला. पेट्यांकडं बघून थबकला, खाली वाकला, डाव्या पेटीला कान लावला. "बाबूजी, ही तर बंद आहे! वायरच निघालेली आहे."

पंखा चालू असता, तर त्या क्षणी त्यालाही लाज वाटली असती. भाऊजींचा हात आपोआप डाव्या कानाकडे गेला, फाया चाचपला आणि परत आला. फाया आज काय करणार होता? फाया असला म्हणून बोललेलं ऐकू आलं नाही, हे चालतं. न वाजलेलं ऐकू आलं, ते कसं चालावं? त्यांनी डावीकडं पाहिलं, सवयीनं. तिथं वकीलसाहेब बसले होते. एरवी मी त्यांची इतकी थट्टा करते, पण त्या क्षणी ते तोंड पाहवेना.

आणि पाहते तर माझ्या शेजारी ताई नव्हती. पडदा हलला होता. डोक्यावर पदर, हातात तबक, भरल्या बैठकीत पुरुषांच्या मधोमध ती जाऊन उभी राहिली आणि भाऊजींवर डाफरली, "झालं नं समाधान? घरून निघतानीच म्हनलं होतं मी, असं बंद पेटीवर मोठ्या मानसाईची गंमत करू नका, कोनाले राग येईन. उठा आता, अन् माफी मांगा शेठजीची!"

माझ्या देखत ताई त्याआधी कधी खोटं बोलली नव्हती. पण काय ठणठणीत बोलली! क्षणभर कोणालाच काही समजेना. मग पहिल्यांदा शेठजींना उमगलं, की आपल्याला बंद पेटीतून खुर्ची ऐकू आली होती, आणि ते पोट धरून हसायला लागले. "अरे बाप रे! हमारीही परीक्षा ले ली भाऊने!" मग दलाल हसले, मग सगळेच हसले, कारण जो हसला नसता तो पकडला गेला असता. वकीलसाहेब तेवढे सतरंजीची नक्षी पाहत होते. मुलानं वायर जोडली. "बसा वहिनी, आता तुमीच सांगा," म्हणत शेठजींनी ताईला भाऊजींच्या डाव्या बाजूला जागा करून दिली. सारंगी पुन्हा वाजली, खुर्ची करकरली. ताई म्हणाली, "आता दोनी पेट्या बोलते." भाऊजींनी नुसती मान हलवली. त्या दिवशी त्यांनी पुढे कोणाला एकही प्रश्न विचारला नाही.

परतीच्या एसटीत ते खिडकीशी बसले, ताई त्यांच्या डावीकडं, मी मागच्या बाकावर. दोन्हीकडं फुटलेला कापूस, ऊन कलतं झालेलं. बराच रस्ता मागे पडला. मग खिडकीबाहेर पाहतच म्हणाले, "कवापासून?"

ताई काही तरी बोलली. गाडीचा खडखडाट चालू होता. एरवी त्यांनी म्हटलं असतं, फाया होता. त्यांनी कानातला फाया काढला, खिडकीतून टाकून दिला आणि म्हणाले, "काय म्हनली? डावीकडून मले आयकू नाई येत."

इतक्या वर्षांच्या संसारात हे वाक्य त्यांनी पहिल्यांदा उच्चारलं. ताईनं डोळ्यांना पदर लावला, मग त्यांचं तोंड हातानं आपल्याकडं वळवलं आणि मोठ्यानं सांगितलं, "तुमी पाहाले आले तवापासून. म्या 'घ्या' म्हनली, बांगड्या वाजवल्या, मंग बशी टेबलावर आपटली. लाजनारा मानूस दचकते तरी! तुमी कॅलेंडर पाहून राह्यले होते."

"अन् तरी हो म्हनली?"

"म्या म्हनलं, अर्धंच आयकू येते तं भांडनंही अर्धेच होतीन."

पुढच्या बाकावरची म्हातारी मागे वळून पाहू लागली, एवढ्या मोठ्यानं भाऊजी हसले. हसता हसता त्यांना रडू आलं. ते लपवायला आता फायाही नव्हता.

कापूस विकून झाला आणि त्याच हिवाळ्यात त्यांच्या घरी दोन पेट्या आल्या. लोकांच्या परीक्षा चालूच राहिल्या, फक्त आता ते उघडपणे ताईला म्हणायचे, "डावी तू पाहजो, उजवी मी पाह्यतो," आणि लोकांना वाटायचं जाणकारांची ही काही तरी वरची पद्धत असेल. घरच्या पेट्यांच्या पहिल्या दिवशी मला मुद्दाम बोलावणं होतं. सारंगी निघेल म्हणून मी बसले, तर भाऊजी दुकानातून एकच रेकॉर्ड घेऊन आले. ताईचं झोपाळ्यावरचं गाणं. मी म्हटलं, "भाऊजी, भरणं जस्ताचं आहे हो!"

"असू दे," म्हणाले. "आज पेटीची परीक्षा नाई."

त्यांनी ताईला हाताला धरून राजाच्या जागेवर बसवलं. ती लाजली, नको नको म्हणाली, पण बसली. मग त्यांनी स्टूल उचललं. मला वाटलं, नेहमीसारखे तिच्या उजवीकडं बसतील. ते खुर्चीला वळसा घालून तिच्या डावीकडं जाऊन बसले. ताई म्हणाली, "इकडं कुठं? भटजीनं तं डावीकडं मले बसवलं होतं."

"भटजीले काय समजते!" भाऊजी म्हणाले. "इकडून तू आयकू येते."

विहिरीतली बाई गायला लागली. आणि जो माणूस कोणी साधं खाकरलं तरी अंगणात काढायचा, तो गाणंभर बोलत बसला. कसं वाटते, डावीकडून काय येते, पंखा लावू काय. ताई वैतागली, "गानं आयकू द्या ना!"

"गानं लय आयकलं म्या," ते म्हणाले, "तू बोल."

आता दोघंही नाहीत. पेट्या भाच्याच्या घरी आहेत, वर कपडा टाकलेला. माझी सून मला हसते, की आई कोणाकडं गेल्या तरी बसायच्या आधी जागा शोधत का फिरतात. काय करू? माझी सवयच तशी झाली आहे. कोणाशी मनातलं बोलायचं असलं, की मी आधी त्याच्या उजव्या बाजूला जाऊन बसते.